कढईतलं उद्गारचिन्ह

टायरच्या हवेचा दिवा लागल्यावर काय करावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या गाडीत हा पिवळा दिवा नुकताच लागला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्याकडे तो दोन वर्षांपासून लागलेलाच आहे आणि आता ज्यांना तो गाडीबरोबरच मिळाला असं वाटतं, त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आणि गाडी चालवता चालवता कुणी हे वाचत असेल तर त्याने आधी गाडी डाव्या बाजूला घ्यावी, मग पुढे वाचावं.

पायरी पहिली: दिवा कशाचा आहे यावर एकमत करा

वरून उघडं, पोटाला फुगीर, बुडाशी दातेरी असं एक भांडं आणि त्यात उभं उद्गारचिन्ह. टायर उभा कापला तर असा दिसतो म्हणे. पण टायर कापून कोण बघायला गेलंय? भांडी मात्र आपण रोज बघतो. त्यामुळे गोंधळ होतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही कराडला लग्नाला निघालो होतो. सकाळचे साडेसहा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि दिवा लागला. गाडीत पाच माणसं. नाना, म्हणजे माझे सासरे, पुढे बसलेले, म्हणून पहिलं मत त्यांचं. "कढई आहे ती, जावईबापू. तेल संपलंय." मागून मावशींनी दोन सीटांच्या मधून मान काढून बघितलं, त्यांना तुळशीवृंदावन दिसलं. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी कानातलं एक बोंड काढलं, "घोड्याची नाल," असं सांगितलं आणि बोंड परत घातलं. "अहो, सीटबेल्ट लावा म्हणत असेल," ही म्हणाली.

मी म्हणालो, "काही नाही गं, सेन्सर असेल."

हे वाक्य पाठ करून ठेवा. ते उच्चारल्याबरोबर दिवा खोटा पडतो, चालवणारा जाणकार ठरतो आणि गाडी थांबवावी लागत नाही. बाहेर कडाक्याची थंडी होती, मुहूर्त बाराचा होता, आणि मागे मावशींच्या मांडीवर रुखवताचा चिवड्याचा डबा होता. थांबायचं कुणालाच नव्हतं.

पायरी दुसरी: सेन्सरला दोष द्या

पण त्याआधी चाकात सेन्सर आहे की नाही ते बघून घ्या. मी ज्याला भर रस्त्यात दोष दिला तो माझ्या गाडीत नव्हताच, हे मला नंतर कळलं.

या यंत्रणेचे दोन प्रकार. एकात प्रत्येक चाकाच्या आत, वॉलच्या मुळाशी, काडेपेटीहून लहान डबी बसवलेली असते. ती आतली हवा मोजते आणि रेडिओवरून गाडीला कळवते. तिच्या पोटात बॅटरी असते, ती पाच ते दहा वर्षं चालते, आणि संपली की बहुतेक वेळा अख्खी डबीच बदलावी लागते. अशा गाडीत पडद्यावर चारही चाकांचे आकडे दिसतात.

दुसऱ्या प्रकारात हवा कुणी मोजतच नाही. ब्रेकच्या एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजायची सोय गाडीत असतेच. तिच्यावरच हे काम ढकललेलं असतं. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर कमी पडतो, आणि तेवढाच रस्ता कापायला त्याला बाकीच्या तिघांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी फेरे मोजते आणि संशय घेते. शाळेतून आलेल्या पोराची चाल बघून आई ओळखते ना, आज मैदानावर काहीतरी झालंय, तसं. पण चारही चाकं सारखीच उतरत गेली तर हिला पत्ता लागणं अवघड. घरातले सगळेच हळूहळू बारीक झाले तर कोणी बारीक झालंय असं कुणाच्या लक्षात येत नाही. आमची गाडी या दुसऱ्या जातीची. कुठलं चाक, किती हवा, काही सांगत नाही. नुसती कढई दाखवते.

सेन्सरला दोष देण्याची एकच कायदेशीर वेळ आहे. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. न लुकलुकता स्थिर लागला तर हवाच कमी आहे. चावी फिरवल्यावर सगळेच दिवे दोन-चार सेकंद लागून जातात ती नुसती हजेरी, तिला घाबरू नका.

हा दिवा ही गाडी कंपन्यांची हौस आहे, असं आमचे नाना म्हणतात. हौस म्हणून तो १९८६ साली पोर्श ९५९ मध्ये आला होता, हे खरं. पण सगळ्यांच्या गाडीत तो शिरला तो माणसं मेल्यामुळे. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर भर वेगात फुटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिकडच्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. युरोपने २०१४ पर्यंत तेच केलं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हवा ठरल्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे तेहेतीस पीएसआयची पंचवीसच्या आसपास आली की. दिवा लागतो तेव्हा सुरुवात झालेली नसते, बरंच काही होऊन गेलेलं असतं.

पायरी तिसरी: जाणकारांना फोन करा

प्रत्येक घरात गाड्यांतलं कळणारा एक माणूस असतो. आमच्याकडे चिंचवडचे भाऊजी. त्यांच्याकडे पूर्वी फियाट होती, त्यामुळे त्यांना सगळ्याच गाड्यांतलं कळतं. हिने फोन स्पीकरवर टाकला.

"आमच्या फियाटला कुठे होता दिवा?" भाऊजी म्हणाले. "उतरायचं, चार लाथा घालायच्या, आवाजावरून कळतं."

खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी चारही चाकांना एकेक लाथ घातली. चारही ठिकाणी सारखाच आवाज आला. बुटाचा. हल्लीच्या ट्यूबलेस रेडिअल टायरच्या भिंती अशा असतात की वीसवर आलेला टायर आणि तेहेतीसचा टायर शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. खालचा भाग जरा पसरल्यासारखा वाटतो, पण तो चांगल्या टायरचाही वाटतो. पायाला कळलं असतं तर पंपावर मीटर कशाला लावले असते?

"ठीक आहे ना?" भाऊजींनी विचारलं.

"एकदम दगड," मी म्हणालो.

दगड म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले. नानांनी दुसरा चहा घेतला.

खरं तर हवा कमी असलेला टायर वेगात चालतो तेव्हा त्याच्या भिंती दर फेऱ्याला वाकतात आणि सरळ होतात. तार वाकवून-वाकवून तोडताना ती गरम होते, तसा तो टायर आतून तापत जातो. बाहेरून काही दिसत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काय, समृद्धी काय, सिमेंटचा सरळ रस्ता, तासभर एकच वेग, वर मेमधलं ऊन, अशा ठिकाणी तो टायर हिशेब चुकता करतो. समृद्धीवर अपघात वाढले तेव्हा आरटीओने नाक्यावर टायर तपासण्याची मोहीम काढली होती. गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायचे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही हा नियमच आहे. हवेचा असा नाका नाही. हवेचा नाका म्हणजे तो पिवळा दिवा.

पायरी चौथी: वाट बघा, आपोआप जाईल

हे खोटं नाही. जातो.

आमच्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांच्या गाडीचा दिवा रोज सकाळी फिरायला जाताना लागायचा आणि दहा-साडेदहाला भाजी घेऊन येताना नसायचा. साहेबांनी डायरी ठेवली. तारीख, वेळ, लागला, गेला. महिनाभराने त्यांनी निष्कर्ष काढला की गाडीला सकाळी जाग यायला वेळ लागतो. सर्व्हिस सेंटरला दाखवलं, तर तिथे गाडी दुपारी पोचली, दिवा नव्हता, "नो प्रॉब्लेम फाउंड" असा कागद मिळाला. तो कागद त्यांनी डायरीत लावला.

बंद भांड्यातली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, हे आपण आठवीत की नववीत पाठ केलंय. गाडीच्या टायरचा हिशेब असा: तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. आता मे महिन्यातल्या दुपारी, चाळीस अंशांत, तुम्ही पंपावर तेहेतीस भरून घेतलेत. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाला टेकतो. तीस अंशांचा फरक, म्हणजे पाचेक पीएसआय त्यातच गेले. शिवाय रबरातून हवा झिरपतेच, महिन्याला एखाददुसरा पीएसआय. एवढं झाल्यावर दिवा लागला नाही तरच तक्रार करायची.

आणि दुपारी दिवा गेला म्हणजे हवा आली असं नव्हे. टायर तापला, आतली तीच थोडी हवा जरा फुगली, आकडा रेषेच्या वर आला, एवढंच. ताप क्रोसिनने उतरला म्हणून टायफॉइड गेला असं कुणी म्हणत नाही. गाडीबाबत मात्र म्हणतात.

पायरी पाचवी: बटण दाबा

या पायरीबद्दल मला जरा खाजगीत सांगायचं आहे. आमच्या घरी हे माहीत नाही, आणि हा अंक घरी आला की हे पान मी आधी काढून घेणार आहे.

दुसऱ्या जातीच्या गाड्यांत, म्हणजे आमच्यासारख्या, एक बटण असतं किंवा पडद्यावरच्या मेन्यूत कुठेतरी एक सोय असते. त्यावर तीच कढई काढलेली असते. बटण दाबून धरलं की दिवा लुकलुकतो आणि विझतो. इतकं समाधान देणारं दुसरं बटण गाडीत नाही. दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, तो दिवा पहिल्यांदा लागला होता. मी एकटाच गाडीत होतो. मॅन्युअल काढलं, प्लॅस्टिकमधून कधी बाहेर न आलेलं, वरच्या पानावर गाडीच्या पूजेचं कुंकू. चारशे पानांतलं नेमकं ते पान सापडलं, बटण सापडलं, दाबलं. दिवा गेला. मी मॅन्युअल परत प्लॅस्टिकमध्ये घातलं. पुढचा परिच्छेद वाचायची गरज वाटली नाही.

पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की आधी चारही चाकांत बरोबर हवा भरावी आणि मगच बटण दाबावं. कारण बटण दाबणं म्हणजे दिवा घालवणं नव्हे. बटण दाबणं म्हणजे गाडीला सांगणं: आत्ता या चाकांत आहे ती हवा बरोबर आहे, हीच प्रमाण धर आणि इथून पुढे कुठलं चाक वेगळं वागलं तर कळव. गाडी विश्वास ठेवते. तिला काय माहीत सांगणारा कसा आहे? मी तिला सत्तावीस-अठ्ठावीस हीच तेहेतीस असं शिकवलं होतं. म्हणजे कात्रजच्या बोगद्यापुढे जो दिवा लागला तो माझ्या खोट्या आकड्याच्याही खाली कुठलं तरी चाक गेलंय, असं सांगत होता.

ही गोष्ट मला चहाच्या टपरीवर, बुटाची लाथ मारताना आठवली. मी कुणाला काही बोललो नाही. "शिरवळला पंप आहे, एकदा हवा चेक करून घेऊ," एवढंच म्हणालो. "सेन्सर आहे ना?" चिरंजीवांनी बोंड न काढता विचारलं.

पायरी सहावी: पस्तीस टाक

पंपावर हवा फुकट असते. सौजन्य म्हणून नाही, पंप चालवण्याच्या अटींतच ती, पिण्याचं पाणी आणि संडास आहे. तरी हवेच्या खांबापाशी गेलात की तीनपैकी एक प्रसंग घडतो: माणूस जेवायला गेलेला असतो, नळीचं तोंड तुटलेलं असतं, किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने "हवा बंद" लिहिलेलं असतं. शिरवळच्या पहिल्या पंपावर पुठ्ठा होता. दुसऱ्यावर पोरगा होता. कानटोपी, एका हातात नळी, दुसऱ्यात वडापाव.

"किती टाकू?"

या प्रश्नाला उभ्या महाराष्ट्रात एकच उत्तर आहे: पस्तीस. छोटी गाडी असो, मोठी असो, एकटा असो की सामानासकट सात जण, पस्तीस. हा आकडा कुठून आला ते मला सापडलेलं नाही. बहुधा पिढीजात असावा. तुमच्या गाडीचा खरा आकडा चालकाचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. दार उघडताना तो तुमच्या गुडघ्यासमोर येतो, म्हणूनच कुणी बघत नाही. पुढे किती, मागे किती, माणसं भरून असली तर किती, असे वेगवेगळे आकडे तिथे असतात. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. आमचा आकडा ३३, पण पाच माणसं आणि सामान असेल तर मागे ३६. कुठे ३३ हेच २.३ बार असं लिहिलेलं असतं, कुठे २३०. नानांनी २३० बघून "एवढी?" म्हणून दोन पावलं मागे घेतली. तिन्ही एकच आहेत. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरची कमाल सहनशक्ती. तेवढी भरायची नसते. डॉक्टर म्हणाले चार पोळ्यांपर्यंत चालतील, म्हणून रोज चार खायच्या असं थोडंच असतं?

आणि स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आहे. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, नाहीतर किलोमीटर-दीड किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसली पाहिजे. हायवेवरून तासभर आलेला टायर तीन-चार पीएसआयने फुगलेला असतो. त्यात छत्तीस दिसले म्हणून पोराने फुस्स करून तेहेतीसवर आणले, तर उद्या सकाळी तिशी, आणि कढई पुन्हा जवळ. गरम टायरमधली हवा काढायची नाही. कमी असेल तर घालायची आणि दुसऱ्या दिवशी गार असताना बघायची. ही एक गोष्ट पंपावरच्या पोरांना समजावून सांगण्यात मी पुष्कळ वेळ घालवला आहे. ते ऐकून घेतात आणि फुस्स करतात.

पोराने वडापाव मडगार्डवर ठेवला, झाकण काढलं, नळी लावली. पुढचं डावं: अठ्ठावीस. पुढचं उजवं: अठ्ठावीस. मागचं उजवं: सत्तावीस. माझ्या मागे ही उभी होती. मागचं डावं लावलं.

"एकोणीस," पोरगा म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "दगड" या शब्दाची आठवण कुणी काढली नाही. काढायची गरज नव्हती.

पायरी सातवी: थुंकी

एकोणीसचं चाक भरून पुढे निघून जाता येतं. बरेच जण जातात. पण तीन चाकं एका रांगेत आणि एक नऊ पावलं मागे, म्हणजे त्या एकाला काहीतरी टोचलंय. पंपाच्या पुढेच एका झाडाला जुना टायर टांगला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने "पंचर" लिहिलं होतं.

त्या मामांनी गाडी थोडी पुढे घ्यायला लावली, मग आणखी थोडी, आणि चाकावरून तळहात फिरवत गेले. बाहेरच्या बाजूने तिसऱ्या खाचेत एक चकचकीत ठिपका होता. त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि त्यावर टेकवली. थुंकीत एक बारीक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. "खिळा हाय बघा. चार दिस झालं असतील." हजारो रुपयांच्या यंत्रणेला जे सांगता आलं नव्हतं ते मामांनी एका थेंबात, चाकासह आणि जागेसह, सांगितलं.

खिळा दिसला की उत्साहाने स्वतः उपटू नका. आहे तोवर तोच बूच असतो. मामांनी तो पकडीने ओढला, हवा सुसाट सुटली, भोकात कानशीसारखी सळई घालून चार वेळा फिरवली, मग सोल्युशनमध्ये बुडवलेली रबराची वात सुईत ओवून आत ढकलली, सुई झटक्यात बाहेर काढली आणि वातीचं शेपूट ब्लेडने कापलं. पाच मिनिटं. चाक काढावंही लागलं नाही. वात कामचलाऊ असते. सावकाशीने टायर उतरवून आतून मशरूमचं ठिगळ लावून घेतलेलं बरं. आणि भोक टायरच्या भिंतीला असेल तर वात नको, मशरूम नको, नवा टायर घ्यायचा.

तुमची गाडी पहिल्या जातीची असेल तर टायर उतरवायच्या आधी पंक्चरवाल्याला एक वाक्य जरूर सांगा: "दादा, वॉलपाशी आत सेन्सर आहे." नाहीतर तो सवयीने पहार तिथेच घालतो, आणि मग "सेन्सर असेल" हे तुमचं वाक्य कायमचं खरं होतं.

चारही चाकं स्टिकरप्रमाणे भरली. मग मी गाडीत बसलो, बटण दाबून धरलं आणि या खेपेला गाडीला खरं सांगितलं. "हे काय दाबलंत?" हिने विचारलं. "सेट केलं," मी म्हणालो. "मग आधीच करायचं ना!" मावशी म्हणाल्या. मी गिअर टाकला.

नायट्रोजनविषयी

त्या रस्त्यावर पुढे हिरव्या अक्षरांत "येथे नायट्रोजन मिळेल" अशी पाटी होती. नाना म्हणाले, भरून घेऊ, विमानात तोच असतो. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो, तोही फुकट. तो कोरडा असतो, जरा सावकाश झिरपतो, हे खरं. पण थंडीत त्याचाही दाब तितकाच उतरतो. घ्यायचा तर घ्या. वॉलला हिरवं झाकण मिळतं.

पायरी शेवटची: डिकी

लग्न लागलं, आम्ही अक्षता टाकायला वेळेवर पोचलो, पहिल्या पंगतीला बसलो. परत आल्यावर मी दोन-अडीचशे रुपयांचा पेनासारखा गेज घेतला आणि दाराच्या कप्प्यात ठेवला. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी, वाकून चार आकडे बघायचे. पहिल्या महिन्यात शेजारचे साहेब बघत उभे राहिले. दुसऱ्या महिन्यात गेज मागून घेतला. आता त्यांच्या डायरीत आकडे असतात.

एका चाकाचं मात्र मी विसरलो होतो. स्टेपनी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलाय. तिथे १९०४ च्या सुमारास दोन भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली, आणि साहेब गेला तरी त्याच्या गल्लीचं नाव आपल्या डिकीत राहिलं. २०२० पासून आपल्याकडे नियम असा आहे की गाडीत हा हवेचा दिवा आणि पंक्चर काढायचा संच असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालते. म्हणजे नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून बघा. तिथे चाकाच्या जागी एक छोटी पेटी असू शकते. ज्यांच्याकडे स्टेपनी आहे त्यांच्या स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, आणि फेरे मोजणाऱ्या यंत्रणेला तर ती ठाऊकही नसते, कारण ती फिरतच नाही. तिच्यासाठी कुठलाच दिवा लागत नाही.

तर आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जा, डिकीतल्या पिशव्या, छत्री, मागच्या गणपतीची उरलेली तोरणं बाहेर काढा, तळ उचला आणि गेज लावा. आमच्या स्टेपनीत अकरा निघाली.